‘ढ’ कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी आज उपदेश करायला नव्हे, एका चुकीची कबुली द्यायला उभी आहे. माझा धाकटा मुलगा तिसरीत होता. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगे, बाजाराचा हिशेब तोंडी करी. पण पुस्तक उघडले की त्याला घाम फुटे. ‘घर’चे ‘धर’ वाची, ‘भात’ऐवजी ‘मात’ लिही, जोडाक्षरापाशी तर हमखास अडे. मी त्याला आळशी म्हटले, ‘ढ’ म्हटले, एकदा हातही उगारला. मग शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखू लागले.

पुढे डॉक्टरांनी समजावले, की ही अध्ययन अक्षमता. वाचनाची असली तर डिसलेक्सिया, लेखनाची असली तर डिसग्राफिया. बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मात्र सहज बसत नाही. हा दोष मुलाच्या आळसाचा नाही आणि आईच्या लाडाचाही नाही. आपली लिपीही पाहा ना! ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारायची मागून. ‘सूर्य’मधला र ‘य’च्या आधी म्हणायचा, आणि लिहायचा ‘य’च्या डोक्यावर. आपल्याला हे अंगवळणी पडले आहे. अशा मुलाला तो रोजचा घाट चढावा लागतो.

पण अडखळणारे प्रत्येक मूल असे नसते, हेही ध्यानात ठेवा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. आईबापांबरोबर कामासाठी गाव सोडावे लागून शाळा बुडाली का, ते विचारा. आपल्याकडे तर घरी वारली बोलणारे मूल शाळेत पुस्तकी मराठीशी झगडते; ती त्याला जवळजवळ परभाषाच. नीट, मायेने शिकवूनही अडचण हटत नसेल, तर तज्ज्ञांकडे न्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली मराठीसह भारतीय भाषांतून अशी चाचणी सिद्ध केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेची नोंद आहे. रीतसर प्रमाणपत्र असले तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात.

आपल्या सरावलीहून बोर्डी काही फार दूर नाही. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम मांडले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा धडा त्यांनी घालून दिला. तोच आपण घरी गिरवू या. रोज दहा मिनिटे मुलाशेजारी बसून वाचा. रेतीत बोटाने अक्षर गिरवू द्या. शब्द टाळ्यांवर फोडून म्हणा. आणि भावंडांशी तुलना तेवढी करू नका.

माझा मुलगा आजही सावकाश वाचतो, पण वाचतो. पोटदुखी केव्हाच गेली. भगिनींनो, ‘ढ’ हे आपल्या वर्णमालेतले एक अक्षर आहे; ते कोणत्याही मुलाचे नाव नव्हे.