ताण रुळातला आणि मनातला
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही आणि डॉक्टर तर मुळीच नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून भुसावळहून इकडे बिलासपूरला आलो आणि गेली वीसेक वर्षे रुळाची सेवा करतो आहे. तरीही मनाच्या ताणावर बोलायचे मीच मागून घेतले, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

काही वर्षांपूर्वी थंडीतल्या एका रात्री, दाट धुक्यात, माझ्या सेक्शनमधला एक ट्रॅकमन गस्तीवर असताना गाडीखाली गेला. ड्यूटी लिस्टवर सही माझी होती. चौकशीत कोणाचा दोष निघाला नाही, पण माझ्या मनातली चौकशी बंद होईना. झोप उडाली. त्याच्या क्वार्टरच्या गल्लीतून जाणे मी टाळू लागलो. मग कॉलनीतले कार्यक्रम टाळले, मग आरतीलाही येईनासा झालो. तुमच्यापैकी काहींनी विचारले होते, "यंदा दिसला नाहीत?" मी ड्यूटीचे कारण सांगितले. ती थाप होती, आज कबूल करतो.

शेवटी आमच्या सौ.नी हट्टाने समुपदेशकांकडे नेले. त्यांची पद्धत होती 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी', थोडक्यात 'ॲक्ट'. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली. त्यांचा मुख्य ग्रंथ 1999 साली आला. हेज यांना स्वतःलाच भीतीचे तीव्र झटके येत असत.

मी समुपदेशकांना म्हणालो, "एवढा विचार डोक्यातून काढून टाका, बाकी मी बघतो." ते हसून म्हणाले, "तेवढेच जमणार नाही."

तेव्हा मला आपला लांब वेल्डेड रूळ आठवला. उन्हात तो वाढू पाहतो, थंडीत आखडू पाहतो, पण मधल्या भागात त्याला हलायला जागाच नसते. ताण आतच राहतो. आपण डी-स्ट्रेसिंग करतो तेही एका ठरावीक तापमानापुरते. दुपारी ऊन चढले की ताण पुन्हा हजर! म्हणून आपण गाड्या कायमच्या बंद करतो का? नाही. खडी पुरेशी ठेवतो, स्लीपरची पकड घट्ट ठेवतो, उन्हाळ्यात गस्त वाढवतो आणि गाडी चालू ठेवतो. 'ॲक्ट'चे सारही साधारण हेच आहे.

तीन गोष्टी मी शिकलो. पहिली, विचाराकडे विचार म्हणून पाहणे. 'मी त्याला मारले' असे न म्हणता 'मी त्याला मारले असा विचार माझ्या मनात येतो आहे' असे म्हणायचे. विचार जात नाही, पण आपण आणि तो यांच्यात हातभर अंतर पडते. दुसरी, मन भरकटले की पाय जमिनीवर टेकवून त्यांचा दाब जाणवू द्यायचा, श्वास सावकाश सोडायचा, भोवतालचे आवाज ऐकायचे. तिसरी आणि सगळ्यात अवघड: आपल्याला कसा माणूस व्हायचे आहे ते ठरवून, मन दुखत असतानाच त्या दिशेने एक पाऊल टाकायचे.

माझे पाऊल म्हणजे ती गल्ली. छाती धडधडत होती, तरी गेलो. त्याच्या पत्नीने पाणी दिले आणि एवढेच म्हणाली, "साहब, बहुत दिन लगा दिए आने में." मुलाच्या अनुकंपा नियुक्तीचे कागद मी आजवर क्लार्ककडून पाठवीत होतो. त्या दिवशी त्यांच्या चटईवर बसून एकेक कागद स्वतः भरला. धुक्याच्या रात्री अजूनही जाग येते. पण आता मी उठून कंट्रोलला फोन करून माझी माणसे कुठे आहेत ते विचारतो.

हे फक्त शिकल्यासवरलेल्यांसाठी आहे असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीवर पाच बैठकांचा कार्यक्रम बनवला. युगांडातील छावणीत दक्षिण सुदानच्या सुमारे 700 निर्वासित स्त्रियांवर त्याची पाहणी झाली. 2020 साली निष्कर्ष आले: कार्यक्रमात बसलेल्यांचा मानसिक त्रास तीन महिन्यांनंतरही इतरांपेक्षा कमी होता. याच पद्धतीवरचे संघटनेचे सचित्र पुस्तकही त्याच वर्षी निघाले.

मात्र एक सांगतो. स्वीकार म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. जिथे परिस्थिती बदलता येते तिथे ती बदललीच पाहिजे. आणि हे औषधाला पर्यायही नाही. जीव नकोसा वाटत असेल तर लगेच डॉक्टर गाठा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे.

बांधवांनो, आपण गावापासून दूर आहोत. आजारपणात एकमेकांना डबे पोचवतो, तसेच मनाचेही विचारत जाऊ या. कोणी आरतीला दिसला नाही तर 'ड्यूटी होती' हे उत्तर ऐकून लगेच परत फिरू नका. दोन मिनिटे त्याच्या दारात थांबा.

गणपती बाप्पा मोरया!