टेपमधला आवाज आणि आकड्यांतला आवाज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘तुमचा तो टेपवाल्यांचा कट्टा’. जटपुरा गेटजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही चौघे दर रविवारी सकाळी बसतो. बायकोच्या मते ही रिकामटेकड्यांची बैठक आहे. तिचं म्हणणं मी खोडून काढत नाही, कारण चौघांपैकी तिघे सेवानिवृत्तीला टेकले आहेत.

आमच्यात एक वीज केंद्रात नोकरीला आहे, एक बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये होता, एकाचं गोल बाजारात दुकान आहे आणि चौथा मी. नावं घेत नाही. समोरच बसले आहेत, उगाच उठून उभे राहतील. चौघांनाही शाळेपासून रेडिओ-टेपचा नाद. उन्हाळ्यात नागपूर आकाशवाणी लावली की दूर कुठे वीज कडाडली तरी रेडिओत कडकड व्हायची, आणि त्या कडकडीतूनच आम्ही गाणी ऐकली. त्यामुळे ‘स्वच्छ आवाज’ म्हणजे काय, यावर आमचं आजतागायत एकमत नाही.

वाद एकच. टेप आणि रेकॉर्डचा आवाज खरा की सीडी-मोबाइलचा? दुकानदार मित्र पक्का अ‍ॅनालॉगवाला. त्याचं वाक्य ठरलेलं: “काहून बे, आवाजाचे तुकडे करून कोणी ऐकते का? पोळी अख्खी खायची का चुरा करून?” वीज केंद्रवाला तितकाच पक्का डिजिटलवाला. तो म्हणतो, “तुझ्या पोळीले बुरशी लागली हाय, ते पाय आधी.”

आता यात शास्त्र काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण ‘तुकडे’ या शब्दाने भल्याभल्यांचा घोटाळा होतो. सीडीमध्ये आवाजाची लाट सेकंदाला 44,100 वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. दुकानदाराला वाटतं, दोन मोजमापांच्या मधला आवाज हरवला. तो हरवत नाही. नववीच्या भूमितीत आपण शिकलो, दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. मधले बिंदू कोणी दिले नाहीत म्हणून रेषा तुटत नाही. तसंच, लाटेत अमुक एका मर्यादेपेक्षा जलद कंप नसतील आणि त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतलं, तर त्या सगळ्या बिंदूंतून जाणारी लाट एकच असते. हे नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांच्या नावाने ओळखलं जातं. शॅननचा लेख 1949 चा. माणसाचा कान फार तर 20,000 कंपांपर्यंत ऐकतो, आणि आमच्या वयाचा कान 12,000 ला दमतो. यंत्रातून बाहेर येणारी लाट जिन्यासारखी नसते, गुळगुळीतच असते.

आणि टेप तरी कुठे अख्खी आहे? फितीवर लोहाच्या संयुगाचे बारीक कण चिकटवलेले असतात. तो जो ‘स्स्स’ ऐकू येतो, तो त्या कणांचाच. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. तेवढ्या जागेत एका सेकंदाचं सगळं गाणं मावतं. साध्या कॅसेटवर मोठ्यात मोठा आवाज आणि ही सरसर यांच्यात पन्नासेक डेसिबलचं अंतर मिळतं, सीडीवर 96 च्या आसपास.

एक गंमत सांगतो. गडचिरोली आपल्यापासून वेगळा जिल्हा झाला तो ऑगस्ट 1982 मध्ये, आणि जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. दोन्ही वाटण्यांवर आमच्या टपरीवर अजून कुरबुर चालू असते.

एकदा आम्ही परीक्षाच घेतली. एक एलपी, आणि त्याच एलपीवरून केलेली डिजिटल प्रत. दोन्हींची पातळी मीटर लावून सारखी केली, कारण जरा मोठा आवाज असला की तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. पडद्याआडून वीस वेळा ऐकवलं. दुकानदाराने वीसपैकी नऊ बरोबर ओळखले. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढेच आले असते. त्याचं स्पष्टीकरण: “चहा थंडा होता, कान लागला नाई.”

त्याची बाजू मात्र अगदी पोकळ नाही. तो म्हणतो, टेप मरते ती हळूहळू. बुरशी लागली, कण झडले, तरी कण्हत का होईना बोलते. डिजिटल एकदम मरतं. पावसात छत्रीवरचं चित्र आधी चौकोन चौकोन होतं आणि मग गप्प. हार्ड डिस्क गेली की आकाश-पाताळ एक केलं तरी एक शब्द निघत नाही. हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त तो व्हॉट्सअ‍ॅपवर सातव्यांदा पुढे ढकललेलं गाणं ऐकून सीडीला शिव्या देतो, ते मान्य नाही. ते आवळून, पिळून, बारीक केलेलं असतं. मोजणं वेगळं आणि पिळणं वेगळं.

हा सगळा वाद टपरीपुरताच राहिला असता. पण दुकानदाराकडे एक कॅसेट आहे. 1979 च्या कोजागिरीला त्याच्या मामाने मुंबईहून आणलेल्या टेपवर त्याच्या आजीचा आवाज भरला. भुलाबाईची गाणी, मधे मधे नातवंडांना रागावणं. पुढच्या वर्षी आजी गेली. तेव्हापासून हा दरवर्षी तिच्या तिथीला ती कॅसेट लावतो. दर वेळी फीत डोक्याला घासते आणि थोडी थोडी झडते. आम्ही म्हणायचो, प्रत करून ठेव. तो म्हणायचा, “माझ्या आजीचे आकडे नाई करायचे.”

दोन वर्षांपूर्वी त्या कॅसेटमधली दाबपट्टी निखळली. फिल्मला दाबून धरणारा तो इवलासा नमद्याचा तुकडा. आवाज गुदमरला. तेव्हा तो रात्री साडेनऊला माझ्या घरी आला, कॅसेट रुमालात गुंडाळून.

फीत दुसऱ्या कवचात घातली. मग डोक्याचा कोन जुळवला. ज्या यंत्रावर भरलं त्याचं डोकं किंचित तिरकं असेल, तर आपल्या सरळ डोक्यावर बारीक आवाज दबतात. एक छोटा स्क्रू असतो, तो केसभर फिरवत राहायचं, कान लावून. एका जागी येऊन बांगड्यांची किणकिण एकदम मोकळी झाली. तोवर दुकानदाराला तिच्या हातात बांगड्या ऐकूच आल्या नव्हत्या.

एकाच वाजवणीत प्रत घेतली आणि कॉम्प्युटरवर तिचा आलेख काढला. खाली दोन बारीक रेषा दिसल्या. एक बरोबर 50 वर. ती माझ्या डेकची, आजच्या विजेची गुणगुण. दुसरी 52 वर. वीज केंद्रवाला खुर्चीवरून उठलाच. ती 1979 ची वीज होती. मामाचा टेप प्लगवर चालला असणार, म्हणून त्या रात्रीची गुणगुणही फितीवर उतरली. वीज 50 ची असते, मग इथे 52 का? कारण मामाच्या टेपचा पट्टा ढिला होता, तो हळू फिरत होता. हळू भरलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की आवाज बारीक आणि घाईचा होतो.

किती कमी करायचं यावर पुन्हा वाद. मी म्हटलं, त्या काळी वीज कुठे 50 वर राहायची? संध्याकाळी भार चढला की 49 च्याही खाली यायची. मग फरक सहा टक्के धरावा लागेल, पेटीवरची पूर्ण एक पट्टी. वीज केंद्रवाला म्हणाला, “कोजागिरीचं दूध किती वाजता प्यायचास बे? रात्री बारा. तवा भार उतरलेला राहते. पन्नासच धर.” चार टक्क्यांवर ठरलं. त्याचं म्हणणं मला पटलं.

वेग कमी करून लावलं. आजी सावकाश, जरा भरड आवाजात गाऊ लागली. दुकानदार ऐकत होता. म्हणाला, “हे माझी आजी नोहे. माझ्या आजीचा आवाज बारीक होता.”

कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मूलला ताईंना फोनवर ऐकवलं. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, आजीजवळ निजलेल्या. त्या म्हणाल्या, “हेच आजी.” आणि मग बराच वेळ फोनवर नुसतं रडणं.

ज्या फितीला तो चाळीस वर्षं अख्खी आणि खरी म्हणत होता, तिनेच त्याच्या कानातली आजी बदलून टाकली होती. त्याने दोन्ही प्रती ठेवल्या आहेत, चार टक्के कमी केलेली आणि न केलेली. तिथीला कोणती लावतो ते सांगत नाही. मूळ कॅसेटही जपली आहे, आणि ते योग्यच आहे. उद्या कोणी अधिक चांगल्या यंत्रावर पुन्हा वाचेल.

हे इथे सांगायचं कारण असं. सिनेमाचं गाणं हरवलं तर पुन्हा मिळतं. आपल्या झाडीपट्टीतली नाटकं मात्र रात्री सुरू होऊन पहाटे संपतात, आणि तोच प्रयोग दुसऱ्या गावात तसाच होत नाही. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण वडसा-कुरखेड्याकडच्या मंडपात कोणी मांडीवर टेप ठेवून भरलेल्या जुन्या कॅसेट किती घरांत पडून आहेत? दंडारीच्या? लग्नातल्या गाण्यांच्या? आपल्याकडचा 45-47 अंशांचा उन्हाळा आणि त्यावर पावसाळ्याची ओल, दोन्ही फितीचे वैरी आहेत.

तुमच्या घरी असतील तर एवढं करा. ‘बघू चालते का’ म्हणून जुन्या टेपमध्ये घालू नका. पांढरी बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नका. वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे नातू तिच्यावर दुसरं काही भरणार नाही. प्रत करताना एमपीथ्री नको, वेव्ह फाइल करा. तासाला सहाशे एमबीच्या वर जागा लागते, लागू द्या. तीन प्रती काढा, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा.

शेवटचं. शाळेच्या ग्रंथालयातल्या कपाटात स्नेहसंमेलनांच्या 11 कॅसेट सापडल्या. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही चार उतरवल्या आहेत. 1984 च्या कॅसेटवर एक मुलगी नाटकातला लांब संवाद म्हणते आणि मधेच विसरते. पडद्यामागून कोणी सर तिला अगदी हळू आवाजात पुढचं वाक्य सांगतात. ती मुलगी कोण आणि ते सर कोण, आम्हा चौघांना ओळखता आलेलं नाही. दुकानदार एक नाव घेतो, वीज केंद्रवाला दुसरंच. जेवणानंतर दहावी ‘ब’ च्या खोलीत लावतो आहोत. गुरुजींनी आणि ज्या मैत्रिणी त्या नाटकात होत्या त्यांनी तेवढं येऊन ऐकावं.