खोडलेलं रीडिंग आणि एक विचित्र तारा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



‘तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल,’ असं संयोजकांनी सुचवलं होतं. त्याबद्दल तुम्ही रोज मोबाइलवर वाचताच. मी आज एका ताऱ्याबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात आपल्या प्रयोगशाळेपासून करते.

दहावीत ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. पाच रीडिंगं घ्यायची, आलेख काढायचा आणि सरळ रेष आणायची. माझं चौथं रीडिंग काही केल्या रेषेवर बसेना. मी ते गुपचूप खोडरबरने खोडलं आणि रेषेवर बसेल असा आकडा लिहिला. विज्ञानाच्या बाईंनी जर्नल उजेडाकडे धरलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आलं ते लिहायचं. चूक वाटली तर शेजारी प्रश्नचिन्ह काढ.’ मग आम्ही सर्किट पाहिलं, तर रिओस्टॅटचा स्क्रू ढिला होता. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना हे आठवतही नसेल.

आता तारा. तो नरतुरंग तारकासमूहात आहे. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही साधारण सहापट मंद. यादीतलं नाव एचडी १०१०६५. ओळखतात मात्र ‘प्शिबिल्स्कीचा तारा’ म्हणून. या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाहिलं तर धडकी भरते, देवनागरीत ते सुखाने मावतं! अँटोनी प्शिबिल्स्की मूळचे पोलंडचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ऑस्ट्रेलियात आले आणि कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉमलो वेधशाळेत काम करू लागले. १९६१ मध्ये त्यांनी या ताऱ्याचा वर्णपट प्रसिद्ध केला.

लोलकातून प्रकाश नेला की रंगांचा पट्टा दिसतो, हे आपण शिकलो. ताऱ्याच्या प्रकाशाचा पट्टा बारकाईने पाहिला तर त्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात, दुकानातल्या बारकोडसारख्या. सूर्याच्या पट्ट्यात लोखंडाच्या रेषांची नुसती गर्दी असते. या ताऱ्यात लोखंडाच्या रेषा शोधाव्या लागत होत्या. गर्दी होती ती होल्मियम, डिस्प्रोसियम, निओडिमियम, युरोपियम असल्यांची. आवर्तसारणीच्या खाली वेगळ्या काढलेल्या दोन ओळी आठवतात? ‘परीक्षेला नाही’ म्हणून आपण कधी वाचल्याच नाहीत, त्यातली ही वरची ओळ. निओडिमियम आत्ता तुमच्या मोबाइलच्या स्पीकरमधल्या चुंबकात आहे. जुन्या रंगीत टीव्हीतला लाल रंग युरोपियममुळे यायचा. सूर्याच्या तुलनेत या ताऱ्याच्या पृष्ठभागावर ही द्रव्यं हजारो पटींनी जास्त दिसतात.

असा वर्णपट हाती आल्यावर काय करावं? प्लेट बिघडली म्हणून बाजूला ठेवणं सोपं होतं. प्शिबिल्स्कींनी दिसलं ते छापलं. लोखंडाच्या रेषा नक्की कोणत्या आणि किती, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला.

बऱ्याचशा कोड्याचं उत्तर आता आहे. या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या काही हजार पट आहे. त्यामुळे वरचा थर ढवळला जात नाही. अशा शांत थरात काही मूलद्रव्यं जडपणाने खाली बसतात. ज्यांना भरपूर रेषा आहेत ती प्रकाश शोषतात आणि प्रकाशाच्याच रेट्याने वर ढकलली जातात. जॉर्ज मिशो यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. म्हणजे अख्खा तारा होल्मियमचा नाही, साय तेवढी वेगळी आहे. १९७८ मध्ये डोनाल्ड कुर्ट्झ यांना दक्षिण आफ्रिकेतून आणखी एक गोष्ट दिसली. हा तारा दर १२.१४ मिनिटांनी किंचित उजळतो आणि मंदावतो. फरक जेमतेम एक टक्क्याचा. असे धडधडणारे बरेच तारे नंतर सापडले. हा त्यातला पहिला.

अडलंय ते प्रोमेथियमपाशी. २००४ मध्ये काही संशोधकांनी या वर्णपटात प्रोमेथियमच्या रेषा ओळखल्याचं लिहिलं. हे किरणोत्सर्गी आहे आणि त्याच्या सर्वांत टिकाऊ प्रकाराचं अर्धायुष्य फक्त १७.७ वर्षं. ते तिथे असेल तर आत्ता, सतत तयार होत असलं पाहिजे. कसं? कुणी शेजारी न्यूट्रॉन तारा कल्पिला, कुणी अतिजड मूलद्रव्यांचा ऱ्हास. आणि कुणीतरी परग्रहवासी तिथे अणुकचरा टाकतात असंही म्हणतं. मला हे शेवटचं ऐकायला फार आवडतं, पण पटत नाही. हजारो रेषांच्या गर्दीत चार रेषा योगायोगानेही जुळू शकतात. प्रोमेथियम आहे की नाही, यावरच अजून एकमत नाही.

मी या ताऱ्यापाशी पोचले ती माझ्या एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आमची टीम शीतगृहांचं तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर बनवत होती. सेन्सरकडून मधूनच भलते आकडे यायचे. मी एक फिल्टर लिहिला: फार वेगळा आकडा आला की टाकून दे. आलेख कसा गुळगुळीत झाला! सगळ्यांनी कौतुक केलं. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाची खोलीभर मासळी खराब झाली. दाराचं रबर फाटलं होतं आणि तापमान खरंच रोज रात्री चढत होतं. सेन्सर बिचारा ओरडून सांगत होता. शोधता शोधता मी त्या कोडच्या ओळीपाशी आले, तर शेजारी माझंच नाव. त्या रात्री मला ढिला स्क्रू नाही आठवला, जर्नल उजेडाकडे धरलेला बाईंचा हात आठवला.

आता तो फिल्टर काही टाकत नाही. विचित्र आकडा ठेवतो आणि त्याच्यापुढे एक खूण करतो. टीममधली मुलं विचारतात, खुणेला प्रश्नचिन्हच का? मी सांगत नाही. मात्र नवीन मुलामुलींना पहिल्या आठवड्यात या ताऱ्याची गोष्ट सांगते.

हा तारा आपल्याकडून दिसतो, हे मला उशिरा कळलं. सुमारे ३५५ प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज पोचणारा प्रकाश शिवराज्याभिषेकाच्या आगेमागे निघालेला. मेच्या मध्यात रात्री साडेआठ-नऊला तो दक्षिणेला सर्वांत वर असतो, क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर. आधी खाली त्रिशंकू शोधा. तिथून वर, जरा उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या वितेपेक्षा थोडं कमी अंतर. रंग नाही, रूप नाही, साधा ठिपका. द्विनेत्री माझ्या गाडीत आहे, स्टँडही आणलाय.

जेवणं लवकर आटपा आणि मैदानावर या. तेवढा स्टेजमागचा हॅलोजन कुणीतरी बंद करा. आणि बाई, पहिला नंबर तुमचा.