आजच्यापुरती भाकर

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मराठी ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही मुखोद्गत असते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती आहे, आणि लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात थोडी आटोपशीर रूपात. देवाचे नाव, देवाचे राज्य, देवाची इच्छा असे सारे उंचावरचे मागून झाल्यावर ही प्रार्थना एकदम चुलीजवळ येऊन बसते आणि भाकर मागते. तीही आजच्यापुरती. पापांची क्षमा त्यानंतर येते. उपाशी माणसापुढे प्रवचन करणाऱ्यांनी हा क्रम अवश्य लक्षात घ्यावा.

मूळ ग्रीकमध्ये या भाकरीला जोडलेले विशेषण या प्रार्थनेबाहेर जवळजवळ आढळतच नाही. आजची, येणाऱ्या दिवसाची, जगण्यापुरती असे निरनिराळे अर्थ विद्वानांनी सुचवले आहेत. चौथ्या शतकात लॅटिन भाषांतर सिद्ध करणाऱ्या जेरोमने एकाच शब्दासाठी दोन शुभवर्तमानांत दोन शब्द योजले. लूकात ती रोजची भाकर झाली, मत्तयात भौतिकापलीकडची. मराठीत रूढ झाली ती रोजचीच, आणि तेच बरे झाले. केवळ आत्मिक अर्थाने भाकर मागणे पोट भरलेल्यांना सहज परवडते.

आजच्यापुरते मागण्याची ही रीत जुन्या करारातली आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात अरण्यातील इस्राएल लोकांना मान्ना मिळतो, तो माणशी एक ओमर, त्या दिवसापुरता. ज्यांनी धाक धरून उद्यासाठी राखून ठेवला, त्यांच्या साठ्यात किडे पडले. केवळ सहाव्या दिवशी, शब्बाथासाठी, दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. उद्याची काळजी करू नये ही येशूची शिकवण पुढे याच सहाव्या अध्यायात येते.

ज्याच्या घरी वर्षाचे धान्य भरलेले आहे, त्याने मग ही प्रार्थना कोणत्या तोंडाने करावी? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे पाहावे.

रमाबाईंना भुकेचा अर्थ कोशात पाहावा लागला नव्हता. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात, पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब अन्नान्न झाले. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच अवधीत गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. पुढे, ख्रिस्ती झाल्यानंतर, १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार झालेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील पंगत दीड हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम चालवले, छापखाना घातला. येथे प्रार्थना आणि कष्ट यांत भांडण नव्हते. भाकर देवाकडे मागायची आणि पीठ आपल्या हातांनी मळायचे.

अशा गजबजलेल्या संसारात या बाईंनी ग्रीक आणि हिब्रू यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती, म्हणून संस्कृत जडण त्यांनी कसोशीने टाळली; स्वतः संस्कृत पंडिता असून टाळली, हे विशेष. त्या हट्टापायी काही ठिकाणी भाषा अवघडली, हेही मान्य करावे लागते. सर्वत्र रूढ झाले ते दुसरेच भाषांतर. तरी एका व्यक्तीने एवढे काम तडीस न्यावे, याला तोड नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. छापील मराठी शुभवर्तमानाचा आरंभही महाराष्ट्राबाहेरच झाला: १८०५ मध्ये, बंगालमध्ये हुगळीच्या काठी, श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या छापखान्यात, मत्तयाच्याच ग्रंथाने.

वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रार्थनेतल्या एका सर्वनामात आहे. ती 'माझी' भाकर मागत नाही, 'आमची' मागते. लूकाने तर प्रार्थनेला लागूनच मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. त्याला तीन भाकरी हव्या आहेत, पण स्वतःसाठी नव्हे. वाटेवरून आलेल्या पाहुण्यासाठी. लेवीय ग्रंथाने शेताच्या कडा कापू नयेत, सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखावा असे सांगितले आहे; याच रिवाजामुळे परदेशी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. मधल्या सुट्टीत डबा न आणलेल्या मुलापुढे आपल्या डब्याचे झाकण सरकवणाऱ्या मुलाला 'आमची' या शब्दाचे व्याकरण वेगळे शिकवावे लागत नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यापूर्वी थोडेच दिवस भाषांतराचे काम पुरे झाले होते. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्यातील खिळे तेथील स्त्रियांनी जुळवले होते. मत्तयाचा सहावा अध्यायही.