फडावरची पेटी



विज्ञानावर बोला म्हणून आम्हांस बोलावले आणि आम्ही बोलणार एका मोडक्या पेटीवर. पण जुन्नर-आंबेगावकरांस ती पेटी परकी नाही. नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. भोंगे नव्हते तेव्हा गाणारणीस शेवटच्या रांगेपर्यंत छातीच्या बळावर पोचावे लागे. पुढे ते ओझे या पेटीने, म्हणजे व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरने, उचलले. खोडदच्या ३० तबकड्या आकाशातले क्षीण रेडिओ-तरंग टिपतात, त्यांनाही वर्धक लागतोच. तेव्हा विषय अगदीच हलका नाही.

मंचरला एका मांडववाल्याकडून आम्ही ती भंगाराच्या भावात घेतली. घरी आणताच उतावीळपणे बटण दाबले. हा शुद्ध गाढवपणा. करपल्याचा वास आला, धूर निघाला, तरी फ्यूज उडेना. कारण फ्यूजच्या जागी कोणी जाड तार गुंडाळून ठेवली होती! पिन उपटली म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला.

झाले काय होते? वीज गाळणाऱ्या कंडेन्सरात अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वीज अडवतो तो हाच. वर्षानुवर्षे पेटी पडून राहिली की थर कमजोर होतो, आतला ओलावा सुकतो, आणि एकदम ४०० व्होल्ट अंगावर आले की कंडेन्सर तापून फुटतो. म्हणून शहाण्याने आधी १०० वॅटचा दिवा पेटीच्या वाटेत जोडावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखत राहिला तर आत कुठेतरी घोटाळा आहे. आणि पिन काढली म्हणजे धोका टळला असे समजू नका. कंडेन्सर वीज धरून ठेवतो. रेझिस्टन्स लावून ती आधी उतरवावी, मीटरने खात्री करावी, मगच आत हात घालावा, तोही एकच, दुसरा खिशात.

नवे कंडेन्सर बसवले, योग्य फ्यूज घातला, तरी एका व्हॉल्व्हचा पत्रा चुलीतल्या सळईसारखा लाल होऊ लागला. व्हॉल्व्हच बाद झाला असे वाटून आम्ही नवा मागवणार होतो. (रशियात, चीनमध्ये ते अजून बनतात.) पण दोष शेजारच्या कागदी कंडेन्सरात निघाला. आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि मागच्या नळीचा दाब अडवायचा, हे त्याचे काम. तो गळू लागला की व्हॉल्व्हचा लगामच सुटतो.

भोंग्याशिवाय अशी पेटी वाजवू नये, हेही सांगून ठेवतो. बाहेर भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत भलताच दाब चढतो आणि ते जळते. तसे वेटोळे पुन्हा गुंडाळणारा कारागीर आज शोधावा लागतो.

शेवटी पत्रा घासून चकचकीत करावा, असे आमच्या मनात होते. आवाजाच्या बटणाभोवती खिळ्याने ओढलेले दोन ओरखडे तेवढे डोळ्यांत सलत. त्याच संध्याकाळी आळीतले एक म्हातारे ढोलकीवाले पेटी ऐकायला आले. दिसायचे त्यांना बेताचेच. त्यांनी बोटाने ते ओरखडे चाचपले आणि म्हणाले, "ह्यो बाईचा. अन् ह्यो ढोलकी सुरू झाली की मागं घ्यायचा. न्हाई तर बाई बुडती."

पॉलिश-कागद आम्ही परत ठेवून दिला.