नदीतला बहुरूपी



मागच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर एका आजींनी मला थांबवले. त्यांचा नातू चार महिन्यांचा. आईचे दूध पुरत नाही, म्हणून पावडरीचे दूध बाटलीने देतात. पाणी नदीकाठच्या विहिरीचे. आजी म्हणाल्या, "गुरुजी, मी पाणी चांगलं खळखळ उकळते. मग भीती कसली?"

मी म्हणालो, "आजी, पुढच्या वर्गात सगळ्यांनाच सांगतो. पण तोवर बाळाला ते पाणी देऊ नका."

आज त्याचे उत्तर देतो.

आपल्या भीमेत वरून काय येते ते आधी पाहू. पवना मुळेला मिळते. पुण्यात मुळा आणि मुठा यांचा संगम होतो. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि आपल्या गावावरून हे पाणी उजनीच्या धरणात जाते. २०११ च्या शिरगणतीत पुणे शहरात ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडला १७ लाख माणसे होती. आज त्याहून जास्त आहेत. एवढ्या माणसांचे सांडपाणी नदीत येते. काही शुद्ध करून, काही तसेच.

या सांडपाण्यात नत्र असते. नत्र म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. माणसाच्या लघवीतही युरियाच असतो. तो शेतात पडला तर पीक हिरवे होते. नदीत पडला तर काय होते?

हे नत्र मोठे बहुरूपी आहे. ते तीन सोंगे घेते.

पहिले सोंग अमोनियाचे. मुतारीपाशी नाकाला झोंबतो तो वास याचाच. पाण्यात अमोनिया फार झाला की मासे मरतात.

दुसरे सोंग नायट्रेटचे. पाण्यातले सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी हे दाखवून दिले. त्यांनी वाळूने भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडले. काही दिवसांनी खालून नायट्रेट येऊ लागले. मग जंतूंना गुंगी आणणारे क्लोरोफॉर्म सोडले, तेव्हा काम थांबले. पण या कामाला प्राणवायू फार लागतो. अमोनियातल्या १ ग्रॅम नत्रामागे सुमारे साडेचार ग्रॅम! स्वच्छ नदीच्या १ लिटर पाण्यातही तो जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. म्हणजे जंतूंचे काम होते आणि माशांचा श्वास कोंडतो. शिवाय ही दोन्ही सोंगे खाऊन जलपर्णी आणि शेवाळ माजते.

तिसरे सोंग वायूचे. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले वेगळे जंतू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात, आणि नत्र वायू होऊन हवेत जाते. आपल्या हवेच्या १०० भागांत ७८ भाग हाच वायू आहे. त्याचा त्रास नाही. पाहा, नदी आपली आपण धुऊन निघते! पण तिच्याही ताकदीला हद्द आहे. शहराच्या शुद्धीकरण केंद्रात हेच काम करता येते. एका हौदात हवा सोडायची, दुसऱ्यात हवा द्यायची नाही. हा दुसरा हौद नसेल, तर पाणी दिसायला स्वच्छ, पण नायट्रेट घेऊन बाहेर पडते.

आता आजींचा प्रश्न. मिठाचे पाणी उकळले तर मीठ जाते का? नाही. उलट पाणी आटून ते जास्त खारट होते. नायट्रेटचेही तसेच आहे. उकळल्याने रोगाचे जंतू मरतात, म्हणून उकळणे सोडू नका. पण नायट्रेट जात नाही. तुरटीनेही जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीवरच्या बाळाला ते बाधते. त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. ओठ, नखे निळसर पडतात. असे दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

विहिरीतल्या नायट्रेटचा सगळा दोष शहराला देऊ नका, बरे का. आपण हात सैल सोडून टाकलेला युरिया आणि विहिरीजवळचे शोषखड्डे, हेही त्यात आहेत. नदीच्या पाण्यात आधीच नत्र असते. तेवढा युरिया कमी टाका. नत्र जास्त झाले की ऊस लोळतो आणि साखर उतरते.

आजींच्या विहिरीचे पाणी तपासणीला गेले आहे. कागद यायचा आहे. तो मी वाचणार नाही, आजींनीच वाचायचा. म्हणून आज फळ्यावर एकच शब्द लिहितो: 'नायट्रेट'. सर्वांनी तो पाटीवर पाच वेळा लिहा. कागदावर त्या शब्दापुढचा आकडा पाहायचा. पिण्याच्या १ लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅम ही हद्द आहे. आकडा त्याहून मोठा असेल, तर ते पाणी बाळाच्या बाटलीत नाही म्हणजे नाही.

चला, पाट्या घ्या.