खिशातली साखर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी जेवायला बसताना मी पोटावर इन्सुलिनचं पेन टोचलं, तेव्हा शेजारच्या दोघांनी विचारलं, "अरे, तुलाही शुगर? आमचं तर गोळ्यांवर भागतं." पंगतीत उत्तर देता आलं नाही, ते इथं देतो.

आपल्या वयात बहुतेकांना होते ती टाइप टू. तिच्यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. माझी टाइप वन. माझ्याच शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या. गोड खाल्ल्यामुळं नाही आणि आईवडिलांच्या चुकीमुळंही नाही. १९८८ साली, नववीत, हे कळलं. तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत जगात पहिल्यांदा ज्याला इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसनही १४ वर्षांचाच होता. त्याच्याआधीची मुलं वाचत नसत. त्या हिशोबानं मी नशीबवान.

घरी फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली आई माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायची. काचेची सिरिंज रोज उकळायची. रक्त तपासायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर फार. पण साखर घसरली, तर ते काही ती नळी सांगायची नाही.

आणि तेच झालं. मैदानावर कबड्डी चालली होती. सकाळचं इंजेक्शन घेतलं होतं, घाईत भाकरी अर्धीच खाल्ली होती. तिसऱ्या चढाईला हात थरथरायला लागले, घाम फुटला, जीभ जड झाली. काहींना वाटलं, नाटक करतोय. वर्गात फक्त एकालाच माझं दुखणं माहीत होतं. त्यानं खिशातली खडीसाखर माझ्या तोंडात कोंबली. तो आज समोरच बसलाय. नाव घेतलेलं त्याला आवडायचं नाही.

त्यानंतर दहावी संपेपर्यंत मी मैदानाच्या कडेला बसून गुण लिहिले. सर, तुम्ही काळजीपोटीच बसवलंत. मी कुणाला सांगितलं नव्हतं, मग तुम्हाला कसं कळणार? पण ती वही आजही आठवते.

असं का होतं, ते पुढं डॉक्टरांनी समजावलं. निरोगी माणूस पळायला लागला की त्याचं शरीर इन्सुलिन आपोआप कमी करतं आणि यकृत रक्तात साखर सोडतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र परत काढता येत नाही. गाडी पूर्णा स्टेशन सोडून गेली, आता ती मागं बोलावता येत नाही, तसं ते. वर पळणारे स्नायू साखर ओढत राहतात. म्हणून तयारी आधी करावी लागते.

मी आज काय करतो? पळायच्या आधी साखर बघतो. १२५ ते १८० असली तर निघतो. ९० च्या खाली असली तर आधी खातो. २५० च्या वर गेली तर कीटोन तपासतो. ते वाढलेले असले तर त्या दिवशी व्यायाम बंद. जेवणानंतर लगेच पळायचं असेल तर त्या जेवणाचा डोस डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे कमी घेतो, आणि मांडीत टोचत नाही. लांब चालण्या-पळण्यानं साखर उतरते. पण जोराच्या छोट्या झटापटीत अॅड्रेनलिनमुळं ती उलट चढते. तेव्हा घाबरून जादा इन्सुलिन घेतलं तर नंतर आपटी ठरलेली. संध्याकाळच्या खेळाचा परिणाम मध्यरात्रीही दिसतो, म्हणून त्या रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तपासतो.

वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाइप वन झाल्याचं कळलं. २००३ च्या विश्वचषकात त्यानं एकदिवसीय सामन्यांतला ५०० वा बळी घेतला. तो कडेला बसला असता तर?

आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, कितीतरी आजी-आजोबा झालेत. तुमच्या वर्गात असं मूल आलं तर त्याला कडेला बसवू नका. मैदानावर एका तरी मोठ्या माणसाला त्याचं दुखणं माहीत असू द्या. ते थरथरलं, घामाघूम झालं, असंबद्ध बोललं, तर तीन चमचे साखर पाण्यात द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-दुधामुळं साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना गाठा.

आणि मुलाला एवढंच सांगा, लपवू नकोस. मी लपवलं आणि दोन वर्षांचा खेळ गमावला. एकाला सांगितलं होतं, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

उद्या सकाळी साडेसहाला नदीपर्यंत चालायला जायचं ठरलंय. सर, तुम्हीही या. साखर मी आणतो.